तीन वर्षं जास्तीची

आजी म्हणायची, कागदावर आहे त्याहून
तीन वर्षांनी लहान आहे मी.
आम्ही हसायचो.
बायका वय चोरतातच, तिचा भाऊ अमादोर म्हणायचा,
आणि जर्दाळूच्या बिया ओंजळीत खुळखुळवायचा.

ती जाऊन वीस वर्षं झाली.
विंटर्सच्या वाचनालयात, हीटरशेजारच्या टेबलावर
भिंग धरून बसले आहे मी जहाजाच्या यादीवर.
मालागा. मार्च, एकोणीसशे अकरा.
कारकुनाची अक्षरं मुंग्यांची रांग,
मध्येच एखादी मुंगी शाईत बुडालेली.

रुईस, बाल्तासार. शेतमजूर. सही: अंगठा.
रुईस, कासिल्दा. पत्नी.
रुईस, अमादोर. वय चार.
रुईस, एन्कार्नासिओन. वय दोन.

सापडलीस, म्हटलं. पकडलं तुला, चोना!
म्हणे हवाईत जन्मले, उसाच्या फडाशेजारी,
म्हणे बापाच्या गळ्यात नावाऐवजी नंबराचा बिल्ला.
(बिल्ला खराच. माझ्याकडे आहे.
पितळी, कडेला चेपलेला. २७१६.)

मग भिंग जरा उजवीकडे सरकलं.
समासात एक फुली.
फुलीपाशी दोन शब्द: गोवर. समुद्रात.
त्याखाली तारीख,
आणि काहीच नाही.

हीटर खडखडत होता.
कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घालत होतं.

म्हणजे पुढल्या वर्षी ऑक्टोबरात
मजुरांच्या वस्तीत, कुठेही न नोंदलेली
जी मुलगी झाली,
तिला कासिल्दानं पोरकं पडलेलं नाव दिलं.
नावाबरोबर गावच्या पाद्रीचा दाखलाही,
चोळीत जपलेला, घामानं मऊ झालेला.
दुःखानं दिलं असेल. की काटकसरीनं?
त्या घरात दोन्ही एकाच डब्यात ठेवत.

अकराव्या वर्षी त्या दाखल्यावर
आजी कॅनरीत लागली, चौदाची म्हणून.
मुकादमानं कागद बघितला, तिच्याकडे नाही.
उंची कमी पडायची, म्हणून फळांच्या खोक्यावर उभी राहून
पीच सोलायची. बोटांची सालं निघायची आधी,
मग पीचची.
आणि म्हातारपणी पेन्शनही तीन वर्षं आधी सुरू झालं.
पहिला चेक आला त्या दिवशी
ती वुडलंडला गेली बसनं, एकटी,
आणि लहान मुलांचे बूट घेऊन आली.
लाल. बक्कलवाले.
चर्चच्या पेटीत टाकले.
दर जानेवारीत एक जोड, मरेपर्यंत.
गरिबांसाठी, आम्ही समजलो.
माप मात्र कधी बदललं नाही.
दुकानदारानं एकदा विचारलं होतं म्हणे,
बाई, तुमची नात वाढत नाही का?

आता मला आठवतो अमादोर.
सगळ्यात मोठ्यानं हसणारा.
समुद्र इथून दीड तासावर.
आम्ही सगळे भरभरून जायचो ट्रकमधून, कलिंगडं घेऊन.
तो गंधकाची धुरी बघायला मागे राहायचा.
धुरी काय, कुणीही बघितली असती.
चार वर्षांच्या पोराला
किती आठवतं?
तो बोलला असता तर विचारलं असतं.
मी विचारलं असतं तर बोलला असता, कदाचित.

घरी खाकी कागदावर वंशवृक्ष काढते आहे.
बाल्तासार आणि कासिल्दाखाली
अमादोरचा चौकोन. त्याच्या शेजारी
एन्कार्नासिओन, १९०९ ते १९११.
मग आजीचा चौकोन आला
आणि पेन्सिल थांबली.
नाव तर दिलं जिचं तिला परत.
हिला काय लिहू?
फडात, दिवा विझवून,
कुणी ऐकत नसताना
आई हिला काहीतरी म्हणत असेलच की.

चौकोन रिकामा ठेवला आहे.
त्यावर बिल्ला ठेवला, कागद उडू नये म्हणून.
उद्या वुडलंडला जायचं आहे.
जानेवारी लागला.